काच उंच, म्हणजे प्रवास सुखाचा?

पाऊस ओसरला, दिवाळी पार पडली की मोटारसायकलवरून लांब पल्ल्याच्या सफरींचा मोसम सुरू होतो. कोणी गोव्याला निघतो, कोणी कच्छच्या रणात, कोणी थेट कन्याकुमारीला. आता त्यात विशी-तिशीतले तरुणच असतात असेही नाही. पन्नाशी ओलांडलेली, कर्जे फेडून मोकळी झालेली मंडळीही मोठ्या हौसेने या वाटेला लागली आहेत. निघण्याआधी अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात एक फेरी ठरलेली असते. तिथे सॅडल बॅग, हातमोजे यांच्याबरोबर हमखास घेतली जाणारी वस्तू म्हणजे हेडलाइटच्या वर बसवायची उंच काच, म्हणजेच विंडशिल्ड. घेणारा दोनच गोष्टी पाहतो. काच पुरेशी उंच आहे ना, आणि गाडीला शोभते ना. तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि आरोग्याच्या दृष्टीने तोच खरा आहे: ही काच वाऱ्याला नेऊन सोडते कुठे?

वारा काचेने नाहीसा होत नाही, फक्त त्याची जागा बदलते. तो छातीवर आदळायचा थांबून हेल्मेटच्या कडेवर आदळू लागला, किंवा अंगावरून हटून पुढच्या चाकाला ओढू लागला, तर घेतलेली वस्तू सुखाची की त्रासाची, हे दुकानाच्या दारात कळत नाही. ते दोनशे किलोमीटरनंतर कळते. कानाच्या बाबतीत तर दहा वर्षांनंतर.

आधी वाऱ्याचे वजन पाहू. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो, हे शाळेतले गणित. काच किंवा फेअरिंग नसलेल्या गाडीवर सरळ बसलेल्या माणसाची कमरेच्या वरची, वाऱ्याला सामोरी जाणारी बाजू साधारण ०.४ चौरस मीटर धरली, तर ताशी ६० किलोमीटरला त्याच्यावर सुमारे ७ किलो वजनाइतका रेटा येतो. ८० ला तो १२ किलोच्या घरात जातो आणि १०० ला १९ किलोच्या आसपास. म्हणजे शंभरच्या वेगाने तासभर जाणारा माणूस भरलेली सुटकेस छातीने तासभर मागे रेटत असतो. हा रेटा तो कशाने झेलतो? पोट, पाठ आणि मुख्यतः हातांनी. हँडल घट्ट धरून तो स्वतःला पुढे ओढून ठेवतो. संध्याकाळी बोटांना मुंग्या येणे, मनगट भरून येणे, मानेच्या मागे दोन्ही बाजूंना दगड बसल्यासारखे वाटणे, या तक्रारींचा उगम इथे असतो. ज्याला स्वार ‘सीट खराब आहे’ म्हणतो त्यातला बराच भाग वाऱ्याचा असतो.

याच घट्ट पकडीत गाडीच्या ताब्याचाही प्रश्न दडलेला आहे. स्वाराचे धड म्हणजे शीड, आणि हात म्हणजे त्या शिडाच्या दोऱ्या; दोऱ्या बांधलेल्या असतात थेट हँडलला. वाऱ्याचा झोत अंगावर आला, धड हलले की हात हलतात, हात हलले की हँडल. समोरून ट्रक गेला की गाडी ‘डुलते’ ती पुष्कळदा गाडीमुळे नव्हे, स्वारामुळे. फेअरिंगने छातीवरचा रेटा कमी केला की पकड आपोआप सैल होते आणि गाडी सरळ चालते. चांगल्या फेअरिंगचा हा सर्वात मोठा फायदा आहे, आणि तो केवळ आरामाचा नाही.

आता दुसरी बाजू. काचेच्या वरच्या कडेवरून सुटलेला वारा गुळगुळीत राहत नाही. पुलाच्या खांबामागे नदीच्या पाण्यात भोवरे सुटतात, तसे त्यात भोवरे सुटतात, एका सेकंदात अनेक. ते हेल्मेटवर आदळले की डोके बारीक बारीक हादरत राहते. डोळ्यांना आणि अंतर्कर्णातल्या तोल सांभाळणाऱ्या अवयवाला त्याची सतत दुरुस्ती करावी लागते. दूरचे फलक अंधुक दिसतात, डोके जड होते, काहींना मळमळते. शिवाय मोठ्या उभ्या काचेमागे हवेचा दाब कमी होतो, ती पोकळी भरायला वारा मागून येतो आणि स्वाराच्या पाठीवर पुढे ढकलल्यासारखा रेटा देतो. म्हणून चांगल्या टूरिंग गाड्यांच्या काचेखाली हवा आत घेणारी फट ठेवलेली असते. ती फट म्हणजे कारखान्याचा हलगर्जीपणा समजून टेपने बुजवणारेही भेटतात.

भोवऱ्यांचा याहून गंभीर परिणाम कानावर होतो. हेल्मेटमध्ये ऐकू येणारा आवाज इंजिनचा, सायलेन्सरचा असतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. शहरात ती खरी असेल. महामार्गावर तो आवाज जवळजवळ सगळा वाऱ्याचा असतो. ब्रिटनमध्ये १९९०च्या दशकात स्वारांच्या हेल्मेटच्या आत, कानापाशी सूक्ष्म मायक्रोफोन बसवून मोजमापे झाली. ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास आवाज ९० डेसिबलपर्यंत जातो आणि १६० ला ११० पर्यंत, असे त्यांत दिसले. यांच्या मधला हिशेब केला तर ताशी ८० ला, म्हणजे आपल्याकडे चौपदरी महामार्गावर दुचाकीला जी कमाल वेगमर्यादा आहे तिथे, कानाशी ९५ डेसिबलच्या जवळ आवाज असतो. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आठ तास चालतो, आणि दर ३ डेसिबलला मुदत निम्मी होते. ९४ डेसिबलला ती एक तास उरते. पुण्याहून कोल्हापूरला जाणारा स्वार कायदा पाळून, हेल्मेट घालून, सातारा येण्याआधीच दिवसाचा हा वाटा संपवून बसलेला असतो.

हेल्मेट आवाज अडवते ना? थोडाफार, आणि तोही बारीक आवाज. वाऱ्याची घरघर खालच्या पट्टीतली असते आणि ती हनुवटीखालच्या उघड्या जागेतून आत शिरते. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाच्या संशोधकांनी हेल्मेटभोवतीच्या वाऱ्याचा अभ्यास केला तेव्हा हनुवटीखालची हीच जागा आवाजाचा प्रमुख स्रोत असल्याचे आढळले. आता काचेची उंची आठवा. मध्यम उंचीच्या अनेक काचा वाऱ्याचा सर्वात खवळलेला पट्टा नेमका हनुवटीच्या उंचीवर आणून सोडतात. काच लावल्यावर छातीला बरे वाटते, पण कानाशी आवाज वाढतो, तो यामुळे. काच अजिबात नसलेल्या गाडीवर वारा निदान एकसंध येतो.

कानाची हानी दुखत नाही, हे तिचे सर्वात वाईट लक्षण. रात्री मुक्कामाला उतरल्यावर कानात दडे बसल्यासारखे वाटते, बारीक कुईऽऽ ऐकू येते, सकाळी सगळे पूर्ववत होते. पूर्ववत झाले असे वाटते, एवढेच. अमेरिकेत २००९ साली उंदरांवर झालेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात, मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची पातळी मूळ जागी आली तरी अंतर्कर्णातील केसपेशी आणि श्रवणतंतू यांना जोडणारे दुवे मोठ्या संख्येने कायमचे तुटलेले आढळले. माणसाचा कान उंदराचा नाही हे खरे. पण केसपेशी गेल्या की पुन्हा उगवत नाहीत, ही गोष्ट दोघांनाही लागू आहे. सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागात अशा माणसाची श्रवण चाचणी केली की आलेखात ४००० हर्ट्झच्या आसपास एक खाच दिसते. घरचे सांगतात, ‘टीव्हीचा आवाज वाढवतात, लग्नकार्यात नीट ऐकू येत नाही.’ तो म्हणतो, ‘वय झाले.’ गाडीचा विषय बहुतेक वेळा कोणी काढत नाही.

यावर सर्वात स्वस्त उपाय काचेचा नाहीच. औषधाच्या दुकानात मिळणारे मऊ स्पंजचे इअरप्लग वाऱ्याची घरघर बरीच खाली आणतात. ‘मग हॉर्न ऐकू येणार नाही’ हा आक्षेप नेहमी येतो. तो चुकीचा आहे, कारण वारा आणि हॉर्न दोन्ही सारख्याच प्रमाणात मंद होतात. हॉर्न वाऱ्याच्या वर जितका होता तितकाच राहतो, उलट कान दमलेला नसल्याने लवकर ओळखू येतो. हेडफोन आणि इअरप्लग एक नव्हेत, हे मात्र सांगायला हवे. वाऱ्यावर मात करण्यासाठी आवाज वाढवून गाणी ऐकणे म्हणजे दुखण्यावर दुखणे.

आता गाडीच्या वागण्याकडे वळू. वाऱ्यापासून बचाव करणारी रचना दोन प्रकारे बसते: हँडलवर किंवा पुढच्या फोर्कवर, नाहीतर चासीवर. फरक दिसायला किरकोळ, चालवताना मोठा. हार्ले-डेव्हिडसनच्या इलेक्ट्रा ग्लाइडवर १९६९ पासून वटवाघळाच्या पंखासारखी फेअरिंग आहे, ती फोर्कला जोडलेली. हँडल वळले की तीही वळते. त्याच कंपनीची रोड ग्लाइड १९९८ साली आली, तिची फेअरिंग चासीला पक्की. हँडल वळले तरी ती सरळच पाहते. पहिल्या प्रकारात काच स्वाराच्या जवळ राहते आणि संथ वेगात अंगावर वारा कमी येतो, पण बाजूने झोत आला की तो थेट सुकाणूला हिसका देतो. दुसऱ्या प्रकारात झोत अख्ख्या गाडीला ढकलतो, हँडल तुलनेने शांत राहते. या दोहोंचे चाहते एकमेकांशी वर्षानुवर्षे वाद घालत आले आहेत. लांबच्या, वाऱ्याच्या, ट्रकांनी भरलेल्या रस्त्यावर चासीवर बसणारी रचना उजवी, हे मात्र यांत्रिकीच्या दृष्टीने स्पष्ट आहे.

आपल्याकडे याचा संबंध हार्लेशी नसून बुलेटशी आहे. क्लासिक किंवा तत्सम गाडीच्या हँडलला चार क्लॅम्प आवळून बसवलेली दीड-दोन फूट उंचीची अ‍ॅक्रिलिकची काच ही फोर्कवरची फेअरिंगच, फक्त कुठल्याही बोगद्यात न तपासलेली. ताशी ८० च्या वेगात ४० किलोमीटरचा आडवा वारा असला, तर गाडीला वारा समोरून न येता सुमारे २७ अंश तिरका येतो. कन्याकुमारीला जाणारे लोक तिरुनेलवेलीहून नागरकोइलकडे उतरताना अरळवायमोळीच्या खिंडीतून जातात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मुप्पंदलच्या पवनचक्क्यांचे रान आहे. जिथे सरकारने आणि कंपन्यांनी पवनचक्क्या लावल्या तिथे वारा असणारच, आणि जून ते सप्टेंबरात तर तो माणसाला उभे राहू देत नाही. अशा ठिकाणी हँडलवरची उंच काच ही जवळ बाळगलेली पतंगच ठरते. कंटेनर ओलांडतानाही तेच: आधी त्याच्या आडोशाला वारा थांबतो, मग कंटेनरचे तोंड मागे पडताच एकदम बाजूने धक्का बसतो.

बचाव जितका जास्त, तितके बाजूच्या वाऱ्याला तोंड जास्त, ही अडचण नवी नाही. १९५०च्या दशकात युरोपातील शर्यतीच्या गाड्यांना पुढचे चाक पूर्ण झाकणारी, पिंपासारखी फेअरिंग लावत. इटलीतील मोटो गुझी कंपनीने तर मांदेल्लो देल लारिओ येथील आपल्या कारखान्यात स्वतःचा वाऱ्याचा बोगदा बांधला. गाड्या वेगवान झाल्या, पण आडव्या वाऱ्यात बेभरवशाच्या ठरल्या, आणि १९५७ च्या मोसमानंतर आंतरराष्ट्रीय महासंघाने पुढचे चाक झाकण्यास बंदी घातली. पुढे बीएमडब्ल्यूने १९७६ साली आर १०० आरएस ही गाडी आणली. तिची चासीवरची फेअरिंग इटलीतील पिनिनफारिनाच्या बोगद्यात घडवलेली होती. अरुंद, खालची, पुढच्या चाकावर वाऱ्याचा दाब नीट राहील अशी. हेल्मेटला वारा लागे, पण स्वच्छ. दोनेक वर्षांतच त्याच इंजिनावर आर १०० आरटी आली, रुंद आणि उंच फेअरिंगची. अंग अधिक झाकले गेले. त्या बदल्यात कमाल वेग घटला आणि बाजूचा वारा अधिक जाणवू लागला. एकाच यंत्राला दोन झगे घालून कंपनीने जे दाखवून दिले, ते आजही बदललेले नाही. बदलले ते इतकेच की महागड्या टूरिंग गाड्यांवर, उदाहरणार्थ २०१८ नंतरच्या होंडा गोल्ड विंगवर, बटण दाबून काच वर-खाली करता येते.

भारतीय गाड्यांतही हा विचार उशिरा का होईना शिरला. बजाजने २०२१ मध्ये डोमिनार ४०० बरोबर उंच काच कारखान्यातूनच द्यायला सुरुवात केली; रॉयल एनफिल्डची हिमालयन पहिल्यापासून चासीवरची काच घेऊन आली. अशा गाडीवर बाहेरची आणखी उंच काच चढवण्यापूर्वी दोनदा विचार करावा. उंच काच पुढे, भरलेला टॉप बॉक्स मागे, असे केले की वाऱ्याचा जोर वरच्या बाजूला जातो, पुढच्या चाकावरचा भार हलका होतो आणि वेग वाढला की गाडी सापासारखी मागून डुलू लागते. तेव्हा हँडल आवळून धरणे ही स्वाभाविक प्रतिक्रिया असते आणि नेमकी चुकीची. पकड सैल, गुडघे टाकीला, आणि वेग हळूहळू खाली. १०० वरून ८० वर आले तरी वाऱ्याचा जोर एक तृतीयांशाहून अधिक उतरतो.

हवामानाचा भाग थोडक्यात. हिवाळ्यात पहाटे नाशिककडे पारा १० अंशांवर असताना ताशी ८० ने जाणाऱ्याच्या उघड्या त्वचेला ४ अंशांसारखा गारठा लागतो. बोटे बधिर झाली की ब्रेकचा अंदाज चुकतो. काच छाती वाचवते, बोटे आणि गुडघे नाही. त्यासाठी हँडलवरचे हातरक्षक आणि फेअरिंगची खालची बाजू हवी. जुन्या चेतक स्कूटरचा पुढचा पत्रा या बाबतीत आजच्या अनेक दिमाखदार गाड्यांहून दयाळू होता. आणि स्वेटरच्या आत वर्तमानपत्र घालून कामावर जाणारे त्या काळचे काका भौतिकशास्त्र बरोबर समजले होते.

उन्हाळ्यात हिशेब उलटतो. त्वचेचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते. विदर्भात मे महिन्यात हवा ४४-४५ अंशांवर गेली की अंगावर येणारा वारा गार करत नाही, भाजतो. घाम मात्र तो क्षणात उडवून नेतो. शर्ट कोरडा राहतो म्हणून घाम आलाच नाही असे वाटते, आणि शरीरातले पाणी तर चाललेले असते. लघवी गडद होणे, पोटऱ्यांत गोळे येणे, डोके ठणकणे, मग निर्णय मंदावणे, हा क्रम ओळखीचा आहे. अशा हवेत बाह्या उघड्या ठेवून वारा ‘खाणे’ हा वेडेपणा. पूर्ण फेअरिंगच्या गाडीत इंजिनची ऊब पायांवर येते, हा तिचा दोष. भर दुपारी शहरातून जाताना तो विशेष छळतो.

काच निवडायची कशी? बसल्यावर नजर काचेच्या वरच्या कडेवरून पलीकडे गेली पाहिजे, काचेतून नव्हे. पावसात आणि रात्री ओरखडे पडलेल्या काचेतून समोरच्या गाडीचा दिवा फुटून सगळीकडे पसरतो, आणि खड्डा दिसत नाही. कड नाकाच्या रेषेत किंवा थोडी खाली असावी. पण उंच आणि ठेंगण्या माणसाला, झुकून आणि सरळ बसणाऱ्याला एकच काच वेगवेगळी लागते; मित्राला बरी वाटली हा पुरावा नव्हे. काच पूर्ण काढून रोजच्या ओळखीच्या वीस किलोमीटरच्या पट्ट्यावर ठरलेल्या वेगाने एकदा जाऊन यावे, मग लावून. रिकाम्या सरळ रस्त्यावर फूटरेस्टवर दोन इंच उठून पाहावे. उठल्यावर आवाज एकदम घटला, तर भोवरा नेमका हेल्मेटवर येतो आहे. मग काच आणखी वाढवण्याऐवजी कापून खाली आणणे हा उपायही असू शकतो, हे दुकानदार सांगणार नाही.

आणि जे स्वाराला तपासता येत नाही ते कोणी तपासायचे? गाडी बाजारात येण्यापूर्वी तिचा आवाज मोजला जातो. तो रस्त्याकडेला उभ्या माणसाला किती ऐकू येईल यासाठी. गाडीवर बसलेल्याच्या कानाशी किती, हे कंपन्यांच्या माहितीपत्रकात नसते. मायलेज असते, टॉर्क असतो, सीटची उंची असते. ताशी ८० ला कानाशी किती डेसिबल आणि आडव्या वाऱ्यात काय होते, हे दोन आकडे देणे अशक्य नाही. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेला ती मोजणी कठीण जाऊ नये. नुसती विकली जाणारी, बिनब्रँडची काचही त्या नियमाखाली यायला हवी. कारखान्यातल्या कामगाराच्या कानाला आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा कायद्याने आहे. महामार्गावर मोटारसायकलवरून गस्त घालणारा पोलीस किंवा गावोगाव फिरणारा विक्री प्रतिनिधी यांच्या कानांचा विचार कुठल्याच नियमात नाही. निदान पोलिसांच्या वार्षिक तपासणीत तरी श्रवण चाचणी सक्तीची करावी.

इतरांनी ती आपणहून करून घ्यावी. राष्ट्रीय बधिरता प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांपर्यंत श्रवण चाचणीची सोय पोहोचू लागली आहे. अर्ध्या तासाचे काम आहे. वर्षाला काही हजार किलोमीटर गाडी चालवणाऱ्याने चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी आलेख काढून जपून ठेवावा, म्हणजे पुढचा त्याच्याशी ताडून पाहता येतो. चाचणीला मात्र मोटारसायकलने जाऊ नये, आणि आधीचे किमान चौदा तास कान शांततेत ठेवावेत. नाहीतर आलेखात कानाची हानी नव्हे, त्या दिवशीच्या प्रवासाचा थकवा उमटतो.